दोना, कानतुटका कप आणि डिस्पोजल

पळसाला पानं तीन, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या तिनांतलं मधलं पान मोठं असतं आणि दोन्याला तेच बरं, हे मात्र आमच्या गोंदियाकडच्या झाडीपट्टीतल्या बायकांना विचारावं. माझी आजी लग्नसराईच्या आधी पहाटे जंगलात जाऊन पानांचे भारे आणायची. पान ओलं असतानाच देठ खुडायचा, दोन्ही टोकं दुमडायची आणि बांबूच्या बारीक काडीने टाचायची. काडी शिरेत घुसली की पान फाटतं; शिरेच्या शेजारून गेली तर वरण ओतलं तरी गळत नाही. पत्रावळीला मधोमध एक पान, भोवती बाकीची एकावर एक चढवत न्यायची. थप्पीवर पाटा ठेवायचा, म्हणजे सुकताना पानं वळत नाहीत. पंगत बसण्याआधी पाणी शिंपडलं की सुकं पान पुन्हा लवतं. जेवणं उरकली की पत्रावळी उकिरड्यावर, आणि तिथे गुरं आधीच उभी.

म्हणजे वापरून फेकायचं भांडं गोंदियाला नवं नाही. आता पळसाच्या पत्रावळीबद्दल लोक फार गहिवरून बोलतात. मी निवृत्त शिक्षिका आहे, सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका बौद्ध घरातली, आणि त्या पत्रावळीची दुसरी बाजूही मला सांगितली पाहिजे.

1 मे 1999 ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. तोवर आम्ही भंडारा जिल्ह्यातले, आणि भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. एकीकडे नातवंडांपर्यंत पुरणारं पितळ, दुसरीकडे एका जेवणापुरतं पान. कुणाच्या पुढ्यात काय यायचं ते जातीवर ठरे. मालगुजाराच्या वाड्यात लग्न असलं की गावकरी मांडवात जेवत; आमच्या वस्तीचं जेवण मांडवाबाहेर, सगळ्यात शेवटी, पत्रावळीवर वाढलं जाई. मांडवातही पत्रावळीच असत, पण तिथे त्या सोयीच्या होत्या. आम्हांला पान द्यायचं कारण वेगळं: घासायला काही उरत नाही, म्हणून विटाळही उरत नाही. आमचं उष्टं भांडं वाड्यात परत जायला नको, हा त्यातला हिशेब होता.

चहा आला आणि पानाने भागेना. आठवडी बाजारातल्या हॉटेलात बाकीच्यांना कपबशी मिळे. आमच्या लोकांसाठी बाहेरच्या भिंतीच्या कोनाड्यात कान तुटलेले कप ठेवलेले असत. बाबा सांगायचे, तो कप आपणच काढायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, पिऊन झाला की आपणच विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. पैसे मात्र सगळ्यांना सारखेच. बाबांनी नंतर आयुष्यभर घरात कानतुटका कप ठेवू दिला नाही. नवा कप पडून कान गेला की तो त्याच दिवशी बाहेर.

1954 मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते. ते हरले, पण आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं ती निवडणूक जिंकल्यासारखी सांगत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर गावोगावच्या बौद्ध वस्त्यांनी काय काय उभं केलं, त्यात विहारं येतात, ग्रंथालयं येतात; पंगतीची भांडी कुणी मोजत नाही. आमच्याकडे वर्गणीतून गंज, पराती, ताटं आणि पेले आले, आणि पुढे स्टील आलं. प्रत्येक पेल्यावर मंडळाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असे. बोट फिरवलं की अक्षरं लागत. आता लग्न कुणाकडेही असो, पेला सगळ्यांचा होता.

जगात कागदी कपाचा जन्मही एका पेल्याच्या भीतीतूनच झाला, आणि तोही रेल्वेच्या संगतीने. अमेरिकेत गाड्यांमध्ये आणि शाळांमध्ये पाण्याच्या टाकीला एकच सार्वजनिक पेला टांगलेला असे. क्षयरोगी त्याच पेल्याने पितो आणि पाठोपाठ लहान मूलही, हे पाहून कॅन्ससचे डॉक्टर सॅम्युअल क्रम्बाइन यांनी मोहीम काढली. 1909 मध्ये त्या राज्याने गाड्यांतला तो पेला बंद केला. दोनच वर्षं आधी, 1907 मध्ये, बॉस्टनच्या लॉरेन्स लुएलनने कागदी कप काढला होता. त्याला आयतं गिऱ्हाईक मिळालं. तिकडे भीती रोगाची होती. 1880 च्या दशकात आमच्या गोंदियावरून रेल्वे धावू लागली, तेव्हा इकडची भीती माणसाच्या स्पर्शाची होती. देशभरच्या स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळे.

आमच्याकडे पांढरा पातळ प्लास्टिकचा कप साधारण 1990 नंतर रुळला. त्याला सगळे डिस्पोजल म्हणू लागले. पाण्याचा ग्लासही डिस्पोजल, ताटही डिस्पोजल. तो आला तेव्हा मला आनंद झाला होता. एक तर टपरीवर कोनाडा राहिला नाही: पाटलालाही तोच कप, आम्हांलाही तोच. दुसरं म्हणजे भांडी. लग्नात रात्री बारापर्यंत राखेने पेले घासणाऱ्या बायकांचे हात मी पाहिले आहेत, माझेही त्यांत होते. डिस्पोजलने आम्हांला त्या चुलीमागून उठवून मांडवात बसवलं. प्लास्टिकच्या विरोधात बोलणाऱ्यांनी ही गोष्ट आधी मान्य करावी, मग पुढे बोलावं.

पण पुढे बोलावं लागतंच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार किंवा नाटक चालतं, आणि सकाळी शेजारच्या धानाच्या बांध्यांत कपांचा सडा पडलेला असतो. पहिल्या पावसात ते कप नाल्याच्या तोंडाशी साचतात. आमच्या शेजारची माय म्हणते, "पान जनावरानं खाल्लं तं पोट भरते, डिस्पोजल खाल्लं तं जनावर मरते." स्ट्रॉचंही तेच. मॅर्विन स्टोनने 1888 मध्ये कागदी नळीचं पेटंट घेतलं, त्याआधी तिकडे राय नावाच्या धान्याची पोकळ काडी वापरत. आम्ही लहानपणी तणसातली जाड काडी निवडून ताक ओढत असू. मग रंगीत प्लास्टिकच्या नळ्या आल्या, त्या एका घोटाच्या आणि शंभर पावसाळ्यांच्या.

23 मार्च 2018 ला राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अशा वस्तूंवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायचे प्लास्टिकचे कप, ग्लास, ताटं, स्ट्रॉ बंद झाले. टपरीवर आता कागदी कप दिसतो. त्याच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर कागद चहा धरणार कसा? खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की अशा कपात 100 मिलिलिटर गरम द्रव 15 मिनिटं राहिला की सुमारे 25,000 सूक्ष्म प्लास्टिककण त्यात उतरतात. महाप्रसादात वाढतात ते चंदेरी द्रोण तर मला फार खुपतात. आकार आजीच्या दोन्याचा, आणि वर चकाकी अशी की गुराला खाता येत नाही, मातीला पचत नाही.

मग पळसाकडेच परत जावं का? जंगलाच्या पानाला बाजार मिळाला की काय होतं हे आम्ही तेंदूत पाहिलं आहे. 1969 च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार सरकारने हाती घेतला. 70 पानांचा पुडा, 1000 पुड्यांची गोणी, त्यावर लिलाव, त्यावर मजुरी. धुरासाठी पान खुडण्याची एवढी यंत्रणा उभी राहिली. जेवणाच्या पानाला असं कुणी विचारलं नाही, म्हणून यंत्राच्या ताटापुढे ते हरलं. बचत गटांच्या बायका दाबयंत्रावर पत्रावळी करतात, त्यांना योग्य दर मिळावा आणि सरकारी कार्यक्रमात त्याच पत्रावळी लागाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

चहापाण्याला मात्र माझं मत ठिपक्याच्या अक्षरांच्या पेल्याला आहे. तो आमच्या लोकांनी वर्गणी काढून मिळवलेला आहे, आणि तो सगळ्यांच्या ओठांना लागतो, यातच त्याची किंमत आहे. फक्त तो पुन्हा बायकांच्याच हाती घासायला येऊ नये. आमच्या विहारात पेल्यांचं कपाट आहे. भांडी नेणाऱ्याचं नाव वहीत लिहितात, हरवलेल्या पेल्याचे पैसे घेतात. दोन लग्नांत पोरांनी धुण्याची पाळी लावली, तिसऱ्यात पुन्हा बायकाच बसल्या. मी ग्रामसभेत मागणी केली आहे: मंडईच्या मैदानाला लागून चार नळ, सिमेंटचा ओटा आणि सांडपाण्याला शोषखड्डा करावा, आणि पाळीच्या यादीत पुरुषांची नावं आधी लिहावीत. नळ मंजूर झाले आहेत. यादीवर अजून वाद चालू आहे.