नळाने राज्य परत कसे जिंकले?

१/ द्यूतात नळाने राज्य गमावले, हे सर्वश्रुत आहे. ते परत मिळवण्याची विद्या त्याला विदर्भाच्या वाटेवर गवसली.

२/ वनपर्वातील कथा. ऋतुपर्ण राजा दमयंतीच्या माहेरी, कुंडिनपुरास निघाला होता. परंपरेनुसार हेच अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर. सारथी होता रूप पालटलेला नळ.

३/ वाटेत बेहड्याच्या दोन फांद्या पाहून राजाने फळे सांगितली : २०९५. नळाने मोजली, आकडा जुळला! वैदिक काळी बेहड्याची फळेच फासे होती. अश्वविद्येच्या मोबदल्यात नळाने राजाकडून अक्षविद्या घेतली. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी १९७५ साली संभाव्यतेच्या इतिहासात या प्रसंगाची दखल घेतली.

४/ पुढे नळाने पुष्कराला सर्वस्वाचा एकच डाव मांडला. विजयाच्या कैफात पुष्कराने तो तत्काळ स्वीकारला आणि हरला. पूर्वी नळ थांबला नव्हता. या वेळी पुष्कर थांबला नाही.