किंग, क्वीन आणि तुमची गादी

ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठल्याही दुकानात गादी घ्यायला जा, पहिला प्रश्न येतो, "किंग की क्वीन?" कंबर धरून दवाखान्यात येणारे रुग्णही मला विचारतात, "डॉक्टर, किंग साइज घेऊ का?" या नावांमागे शरीरशास्त्र अजिबात नाही. ती कुठून आली हे कळलं, की दुकानात काय विचारायचं तेही कळेल.

आपल्याकडे पूर्वी गादीला नाव नव्हतं, माप होतं. पिंजारी धनुकलीने कापूस पिंजायचा आणि 'तीन बाय सहा' किंवा 'चार बाय सहा' सांगितलं की तेवढी गादी भरून द्यायचा. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, पण गादीवाले आणि सुतार अजून फूट-इंचातच बोलतात.

नावं आली परदेशातून, आणि गंमत म्हणजे त्यातल्या 'ट्विन'ला डॉक्टरांचा हातभार आहे. एकोणिसाव्या शतकात बरेच रोग दूषित हवेतून होतात असं मानलं जाई. शेजारी झोपलेल्याचा उच्छ्वास रात्रभर घेणं म्हणजे विष घेणं! बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या इंग्लिश डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास दोघांनी एका बिछान्यात झोपू नये असं बजावलं. मग नवरा-बायकोच्या खोलीत दोन सारखे, जुळे पलंग येऊ लागले. पुढे जोडी मोडली, नाव उरलं. आज अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीने 'ट्विन' मागवली, तर येते एकच, ३८ इंच रुंद गादी.

'क्वीन' आणि 'किंग' ही तर विक्रीची नावं. अमेरिकेत ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळली. आधीची 'फुल' गादी ५४ इंचांची, म्हणजे दोघांत प्रत्येकी २७ इंच. तिथे तान्ह्या बाळाच्या पलंगातली गादी साधारण तेवढीच रुंद असते! राजाचा संबंध म्हणाल, तर इंग्लंडमधला प्रसिद्ध अवाढव्य पलंग, तीन मीटरहून रुंद 'ग्रेट बेड ऑफ वेअर', राजवाड्यात नव्हे तर वेअर गावच्या एका सराईत होता.

बरं, नावांवर देशादेशांत एकमतही नाही. ब्रिटनमध्ये पाच फुटी गादी 'किंग', आपल्याकडे तीच 'क्वीन' आणि सहा फुटी ती 'किंग'. लंडनच्या भाच्याने आणलेली किंग साइज चादर डोंबिवलीच्या किंगवर कोपऱ्यांना पोचणार नाही.

आता आरोग्याचं. आपल्याकडे ही नावं फक्त रुंदी सांगतात. लांबी वेगळी विचारावी लागते: ७२, ७५ की ७८ इंच? ७२ इंच म्हणजे १८३ सेंटिमीटर. तुमच्या उंचीत साधारण १५ सेंटिमीटर मिळवा. पाच फूट दहा इंचांच्या माणसाला ७२ इंची 'किंग'सुद्धा आखूडच. तो गुडघे पोटाशी घेऊन झोपतो, नाहीतर टाचा पायथ्याच्या फळीला टेकवून. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर त्या फळीच्या दाबाने टाचेला जखम होऊ शकते आणि पत्ताही लागत नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून पलंग घेताना म्हणूनच आतलं माप घ्या, बाहेरचं नाही.

दुसरी अडचण आपल्या फ्लॅटची. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फुटी पलंग बसवायचा म्हणून तो भिंतीला लावतात. मग भिंतीकडचे सत्तरीतले आजोबा रात्री लघवीला उठताना पायथ्याकडून अंधारात सरकत उतरतात. खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. अशा घरात तीन-तीन फुटांचे दोन पलंग, मधे चालायला वाट ठेवून, जास्त बरे. रिचर्डसनसाहेबांचं कारण चुकीचं होतं, पण हा सल्ला मी देतो. दुकानात मात्र 'ट्विन' म्हणू नका. 'सिंगल, ३६ बाय ७८, दोन नग' असं सांगा.