दिल्लीतील माध्यमिक शिक्षण आणि नाट्यविषयाचे स्थान

स्वातंत्र्योत्तर भारतात नाट्यशिक्षणाचा विचार दिल्लीत दोन वेगळ्या दालनांत झाला आणि बराच काळ त्या दालनांमधला दरवाजा बंदच राहिला. एक दालन संगीत नाटक अकादमीचे, दुसरे शालेय शिक्षणाचे. १९५३ साली अकादमीची स्थापना झाली, त्याच सुमारास मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोग (१९५२-५३) आपला अहवाल सिद्ध करीत होता. आयोगाने उच्च माध्यमिक स्तरासाठी सात विषयगट सुचविले. त्यांपैकी ललित कलांच्या गटात कलेतिहास, रेखन, चित्रकला, मूर्तिकाम, संगीत आणि नृत्य यांचा समावेश होता, नाटकाचा नव्हता. भरताच्या परंपरेत संगीत आणि नृत्य ही ज्या नाट्याची अंगे मानली गेली, ते नाट्यच वगळून त्याची अंगे अभ्यासक्रमात आली, ही विसंगती त्या काळी फारशी कोणाला खटकलेली दिसत नाही.

याचा अर्थ शाळांत नाटक नव्हते असा मुळीच नाही. मराठी शाळांना तर संमेलनातील नाट्यप्रयोगाची परंपरा जुनी आहे. पुण्यात मुख्याध्यापक असलेल्या आचार्य अत्रे यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी नाट्यलेखन केले, आणि अत्रे हे लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन आलेले शिक्षक होते, ही गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे. परंतु संमेलनातील नाटक आणि विषय म्हणून शिकविले जाणारे नाटक यांत मोठे अंतर आहे. पहिल्याची गरज वर्षातून एकदा भासते आणि त्यात निवड होते ती मुळातच धीट असलेल्या मुलांची. भाषेच्या पाठ्यपुस्तकातील नाट्यउताऱ्यानेही हे अंतर भरून निघत नाही. तो बाकावर बसून वाचायचा असतो आणि त्याखाली ‘कोण कोणास म्हणाले’ हा प्रश्न असतो.

१९५९ साली अकादमीने राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू केले. १९६२ ते १९७७ या काळात इब्राहिम अल्काझी यांनी त्याला शिस्त आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. अल्काझी पुण्यात जन्मलेले व तेथेच शिकलेले. नाटकाची खरी दीक्षा मात्र त्यांना मुंबईच्या महाविद्यालयीन वर्षांत, सुलतान पदमसी यांच्या थिएटर ग्रुपमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या बाहेर मिळाली. त्यांच्या हाताखाली शिकून १९६३ साली बाहेर पडलेल्या सई परांजपे यांनी पुढे मराठीत बालनाट्ये लिहिली व बसविली. उत्तरा बावकर, रोहिणी हट्टंगडी यांच्यासारख्या मराठी कलावंतांनीही याच विद्यालयात शिक्षण घेतले. पण विद्यालयाचा प्रवेश पदवीधरांसाठी आहे. शिवाय काही नाटकांतील प्रत्यक्ष सहभागाची अटही असते. शाळेतील विद्यार्थी आणि हे विद्यालय यांच्यामध्ये त्यामुळे अनेक वर्षांची पोकळी राहिली. दिल्लीत ती किरोडीमल महाविद्यालयाच्या ‘द प्लेयर्स’सारख्या हौशी मंडळांनी आणि शाळेच्या वयोगटात रेखा जैन यांच्या ‘उमंग’ने (१९७९) आपापल्या परीने भरून काढली. ही कामगिरी मोठी आहे. मात्र तिचा लाभ ज्या घरांत नाटकाविषयी आस्था होती त्यांनाच प्राधान्याने झाला असावा.

दोन दालनांमधला दरवाजा किलकिला झाला तो १६ ऑक्टोबर १९८९ रोजी. त्या दिवशी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची ‘थिएटर इन एज्युकेशन’ कंपनी, म्हणजेच पुढे ‘संस्कार रंग टोली’ या नावाने ओळखली जाणारी शाखा, अस्तित्वात आली. बॅरी जॉन यांनी तिची पायाभरणी केली. शिक्षणातील नाट्य ही कल्पना १९६५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड नाट्यगृहात आकाराला आली होती. तिचे मर्म असे, की मुलांसमोर नाटक करणारा नट हा शिक्षकही असतो आणि प्रेक्षक म्हणून बसलेल्या मुलांना नाटकातील पेचात निर्णय घ्यावा लागतो. दिल्लीतील उन्हाळी कार्यशाळा व रविवारचे वर्ग यांतून ही पद्धत शेकडो मुलांपर्यंत पोहोचली. तरीही ती पाहुणी म्हणूनच पोहोचली. वेळापत्रकात तिला तास मिळाला नाही.

धोरणाच्या पातळीवर निर्णायक ठरला तो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५. शुभा मुद्गल यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने संगीत, नृत्य, दृश्यकला आणि नाट्य या चारही कलांना दहावीपर्यंत शिक्षणाचा अविभाज्य भाग मानावे अशी भूमिका घेतली. आधी गळालेले नाटक पन्नास वर्षांनी यादीत आले. त्यापुढील दशकात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अकरावी-बारावीसाठी ‘थिएटर स्टडीज’ हा ऐच्छिक विषय आणला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमीय आणि अभ्यासपूरक असा काटेकोर भेद नाकारला, आणि २०२१ पासून दिल्ली शासनाने नववी ते बारावीसाठी ज्या विशेष शाळा काढल्या, त्यांत प्रयोगीय व दृश्यकलांची स्वतंत्र शाखा होती.

येथे एक अडचण नजरेआड करता येत नाही. चित्रकलेच्या परीक्षार्थीचा कागद जपून ठेवता येतो, फेरतपासता येतो. अभिनयाच्या परीक्षार्थीचे काम पडदा पडताच संपते, आणि ते चार सहकाऱ्यांच्या कामावरही अवलंबून असते. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या किंवा विंगेत उभे राहून संहिता धरणाऱ्या मुलीला गुण कसे द्यावेत? लेखी उत्तरपत्रिकेचा आधार घेतला, की विषय पुन्हा नाट्येतिहासाच्या पाठांतराकडे सरकतो. परीक्षामंडळांची नाटकाविषयीची अनास्था पूर्णपणे अरसिकतेतून आली असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

याहून कठीण प्रश्न शिक्षकाचा आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या पदविकेला महाविद्यालयीन व विद्यापीठीय अध्यापनासाठी एम.ए. समकक्ष मानले गेले. शालेय पदाची वाट मात्र शिक्षणशास्त्राच्या पदवीतून जाते. परिणामी ज्याला नाटक येते तो शाळेत कंत्राटी वा पाहुणा राहतो, आणि जो शाळेत कायम असतो त्या भाषाशिक्षकाकडे संमेलन जवळ आले की तालमी सोपविल्या जातात, बहुधा शेवटच्या तासानंतर.