विलीनीकरण: सीमाभागातील महाविद्यालयांचा पाऊणशे वर्षांचा हिशेब



‘विलीनीकरण’ हा शब्द आपल्या भागात उच्चारला की कुणाच्या मनात महाविद्यालय येत नाही. वडीलधाऱ्यांना संस्थानांचे विलीनीकरण आठवते. ८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज, जमखिंडी, रामदुर्ग ही संस्थाने मुंबई प्रांतात गेली, आणि पुढल्या वर्षी १ मार्चला कोल्हापूरही गेले. आपल्या पिढीला आठवते ते सीमाभागाचे महाराष्ट्रातले विलीनीकरण, जे अद्याप व्हायचे आहे. मला आज बोलायचे आहे ते तिसऱ्या विलीनीकरणाविषयी, म्हणजे महाविद्यालयांच्या.

निमित्त ताजे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या संस्था मोठ्या आणि बहुशाखीय व्हाव्यात, प्रत्येकीत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावेत, असे उद्दिष्ट ठेवले. महाविद्यालये विद्यापीठांना संलग्न ठेवण्याची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावी, असेही त्यात म्हटले आहे. साताऱ्यात २०२१ साली रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. मुंबईत त्याआधी एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय यांचे मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. धोरणे येतात, बदलतात. पण लहान महाविद्यालयांनी एकत्र यावे हा विचार आता कुठल्याच राज्यात परका राहिलेला नाही. तो आपल्या दारात येण्यापूर्वी आपला मागचा हिशेब पाहून ठेवावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू.

मुंबईचे दिवस

बेळगावात महाविद्यालय उशिरा आले. सार्वजनिक वाचनालय १८४८ चे, पण पदवीसाठी मुलाला गाव सोडावेच लागे. कोल्हापूरला राजाराम कॉलेज १८८० पासून होते, पुण्याला फर्ग्युसन १८८५ पासून. धारवाडला १९१७ साली कर्नाटक कॉलेज निघाले, सांगलीला १९१९ साली विलिंग्डन. ज्यांची ऐपत होती त्यांनी मुलगा यांपैकी कुठेतरी पाठवला. बाकीच्यांनी मॅट्रिकनंतर नोकरी धरली.

१९३३ साली लिंगराज कॉलेज सुरू झाले. १९१६ साली सात शिक्षकांनी स्थापन केलेल्या केएलई संस्थेचे ते महाविद्यालय, शिरसंगीच्या लिंगराज देसाईंच्या नावाचे. संस्था कन्नड समाजाच्या जागृतीतून उभी राहिली होती, पण गावात महाविद्यालय तेवढे एकच. मराठी घरांतली मुलेही तिथेच शिकली, हे आज मुद्दाम सांगावे लागते. १९३९ साली कर्नाटक लॉ सोसायटीचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय निघाले. १९४५ साली टिळकवाडीत राणी पार्वतीदेवी महाविद्यालय उभे राहिले. नाव सावंतवाडीच्या राणीसाहेबांचे, संस्थेचे नाव साउथ कोकण एज्युकेशन सोसायटी. बेळगावचा घाटाखालच्या मुलखाशी असलेला जुना संबंध त्या दोन नावांतच दिसतो. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ इथेच मराठी शिकवले आणि त्यांचे ‘रावसाहेब’ त्यांना याच गावात भेटले.

ही सगळी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाची होती. म्हणजे बेळगावच्या मराठीच्या प्राध्यापकाचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, परीक्षक, मॉडरेटर यांचे जाळे मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर असे पसरलेले होते. आपल्या गावाचे मराठी शिक्षण मराठीच्या मुख्य प्रवाहात होते, आणि त्यासाठी वेगळी मागणी करावी लागत नव्हती.

१९४९ ची रेघ

१९४६ साली मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरले. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या मांडवात झाला, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीखही कुणाला सांगावी लागत नाही. या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट घडली, जिचा उल्लेख सीमालढ्याच्या इतिहासात क्वचित येतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य सरकारने प्रदेशवार विद्यापीठे उभारली. १९४९ या एका वर्षात पुणे विद्यापीठाचे काम सुरू झाले, गुजरात विद्यापीठ स्थापन झाले आणि कर्नाटक विद्यापीठही. कर्नाटक विद्यापीठ पुढच्या वर्षी धारवाडला गेले. त्याच्या क्षेत्रात मुंबई राज्याचे चार जिल्हे आले: धारवाड, विजापूर, कारवार आणि बेळगाव. लिंगराज, राणी पार्वतीदेवी, विधी महाविद्यालय यांची संलग्नता मुंबईकडून धारवाडकडे गेली.

राज्य पुनर्रचनेला अजून सहा-सात वर्षे होती. बेळगाव मुंबई राज्यातच होते. कलेक्टर, कोर्ट, एस. टी. सगळे मुंबईचे. विद्यापीठाच्या नकाशावर मात्र बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यामध्ये रेघ ओढून झाली होती. राजकीय नकाशाने पुढे तीच गिरवली.

हा कुणाचा कट होता असे मला म्हणायचे नाही. मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर, धारवाड पाऊणशे. कन्नड मुलांना आपल्या भाषेचे विद्यापीठ मिळाले, आणि तो त्यांचा हक्क होता. धारवाडच्या विद्यापीठाने मराठीचा विभागही चालवला. पण विषय तोच राहूनही मराठीची जागा बदलली. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांत मराठी ही घरची भाषा होती. धारवाडला ती अनेक विषयांपैकी एक लहान विषय झाली. परीक्षकांचे जाळे तुटले. इथल्या प्राध्यापकाचे कोल्हापूर-पुण्याशी असलेले कामाचे नाते हळूहळू वैयक्तिक ओळखीपुरते उरले. संलग्नतेच्या कोणत्याही आदेशात असे नुकसान लिहिलेले नसते.

निपाणीची वेस

निपाणीने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. तंबाखूच्या या पेठेतील मुलांसाठी जनता शिक्षण मंडळाने १९६१ साली महाविद्यालय काढले. ते निपाणीला अगदी लागून, पण हद्दीपलीकडे अर्जुननगरला. तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. देवचंद शाह यांच्या नावाचे हे देवचंद महाविद्यालय. त्या वेळी कोल्हापूरची महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि देवचंद त्याकडे आले.

विद्यार्थी बहुतांश निपाणी आणि आसपासच्या कर्नाटकातल्या गावांतले. परीक्षा, पदवी, अभ्यासक्रम महाराष्ट्राचे. बारावीही महाराष्ट्र मंडळाची, कारण १९७५ नंतरच्या आकृतिबंधात तिथे अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय वरिष्ठ महाविद्यालयालाच जोडलेले राहिले. अलीकडे निपाणी गावात केएलईचे बागेवाडी महाविद्यालय आहे. तिथे पदवीपूर्व वर्गांचे खाते वेगळे आणि पदवीचे विद्यापीठ वेगळे. निपाणीतल्या एकाच वाड्यातल्या दोन भावंडांनी दोन राज्यांच्या पदव्या घेतल्या, ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही.

महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस केली, तीत निपाणी होते. शिफारस अमलात आली असती तर देवचंद महाविद्यालय आपल्याच गावाबाहेरचे साधे महाविद्यालय ठरले असते. ती आली नाही, आणि त्याचे स्थान तसेच राहिले: गाव एका राज्यात, महाविद्यालय दुसऱ्या. आता एकत्रीकरणाच्या भाषेत विचार करा. शेजारची महाविद्यालये एकत्र आणा असे धोरण म्हणते. देवचंदचे खरे शेजारी निपाणीत आहेत, पण त्यांच्याशी ते एकत्र येऊ शकत नाही. ज्यांच्याशी येऊ शकते ती कागल, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे आहेत. समूह आखणाऱ्याच्या नकाशावर राज्याची हद्द असते, निपाणीचा विद्यार्थी नसतो.

महाराष्ट्राने ८६५ गावांतल्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सोय ठेवली आहे. ती उपयोगी आहे. पण ती गाव सोडून जाणाऱ्यासाठी आहे. गावात राहून बी. ए. करणाऱ्या मुलीला तिचा लाभ नाही.

विद्याशाखांची वाटणी

पुढची घरे बदलली ती विद्याशाखेनुसार. १९६३ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आधी धारवाडकडे होते. १९९६ साली बेंगळूरला राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले तेव्हा तिकडे गेले, आणि २००६ पासून केएलईच्या स्वतःच्या अभिमत विद्यापीठात आले. १९७९ चे गोगटे तंत्रज्ञान महाविद्यालय १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाकडे गेले, ज्याचे मुख्यालय बेळगावातच आहे. विधी महाविद्यालय २००९ नंतर हुबळीच्या विधी विद्यापीठाचे झाले. कला, वाणिज्य आणि विज्ञान मागे राहिले. २०१० साली धारवाडचे इथले पदव्युत्तर केंद्र वाढवून राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले आणि बेळगाव, विजापूर, बागलकोट या जिल्ह्यांची महाविद्यालये त्यात आली. त्यात मराठीचा विभाग आहे, ही समाधानाची गोष्ट.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हा इतिहास भिंतीवर टांगलेला असेल. आजोबांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठ, मुलाच्या पदवीवर कर्नाटक विद्यापीठ, नातीच्या पदवीवर राणी चन्नम्मा. महाविद्यालय तेच, पायऱ्याही त्याच.

एकत्र येण्याचे गणित

आतापर्यंतचे बदल वरून झाले. संस्था तशाच राहिल्या, छप्पर बदलले. येणारा बदल संस्थांच्या आत होणार आहे, म्हणून त्याचे गणित समजून घ्यावे.

समजा, दोन महाविद्यालयांत ऐच्छिक मराठीला अनुक्रमे बारा आणि नऊ विद्यार्थी आहेत. दोन्हीकडे एकेक प्राध्यापक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचे अध्यापन लागते, आणि दोघांचे ते कसेबसे भरते. महाविद्यालये एकत्र झाली की वर्ग एकवीसचा होतो; तास मात्र सोळाच राहतात. कागदावर एक प्राध्यापक जास्त ठरतो. त्याला कुणी काढत नाही. तो निवृत्त होतो आणि जागा भरली जात नाही. सर्व विषयांना हा नियम सारखाच आहे, पण मोठ्या विषयाचे चारांचे तीन होतात, लहान विषयाचा दोनाचा एक आणि एकाचा शून्य होतो. सीमाभागात लहान विषय कोणता, हे सांगायला नको.

याची दुसरी बाजू मी लपवणार नाही. बारा आणि नऊ वेगवेगळे राहिले तर दोन्ही वर्ग बंद पडू शकतात. एकवीसचा वर्ग टिकतो. त्यात चर्चा होते, एखादा एम. ए. ला जातो. ग्रंथालये एकत्र आली तर एकाकडे नसलेले कोश दुसऱ्याकडे सापडतात. विलीनीकरण मुळातच वाईट असते असे इतिहास सांगत नाही. त्याच्या अटी कोण लिहितो यावर सगळे अवलंबून असते, आणि १९४९ पासून आपण एकदाही त्या लिहिलेल्या नाहीत.

बाहेरचा अनुभव असाच आहे. इंग्लंडमध्ये शाळेनंतरचे व्यवसायशिक्षण देणारी महाविद्यालये १९९३ साली स्वायत्त झाली. पुढच्या तीसेक वर्षांत, विशेषतः २०१५ नंतरच्या क्षेत्रवार पाहणीत, एकत्रीकरण होत होत त्यांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. ग्लासगोत २०१० साली तीन महाविद्यालयांचे एक झाले, आणि शहराच्या मध्यभागी त्याला नव्या इमारती मिळाल्या. मोठ्या शहरात हे जमते, कारण बस दर दहा मिनिटांनी असते. खानापूर तालुक्यातल्या आडगावच्या मुलीला सकाळची एकच गाडी असते. वर्ग दहा किलोमीटर लांब गेला की तिचे शिक्षण थांबते, आणि पटावर तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ एवढेच लागते.

तेव्हा या सभागृहात बसलेल्यांना माझी विनंती आहे. तुमच्यापैकी अनेकजण शिक्षणसंस्थांचे सभासद आहात, कुणी संचालक मंडळांवर आहात. ठराव समोर येईल तेव्हा चार गोष्टी लिहून मागा. मराठीची किमान किती पदे, किती वर्षे भरली जातील. कोणते वर्ग आहे त्या गावातच राहतील. दोन्ही ग्रंथालयांतली मराठी पुस्तके रद्दीत न जाता नोंदवहीत चढतील. आणि जुनी दप्तरे, म्हणजे प्रवेशनोंदी, वार्षिके, सभांची इतिवृत्ते, कुठे ठेवली जातील. चौथी अट किरकोळ वाटेल. पण आपण किती मराठी मुले शिकवली, हे उद्या कुणी विचारले तर उत्तर त्या दप्तरांतच सापडेल. ती हरवली की आपण केवळ आठवणी सांगत राहू, आणि आठवणीला कुठल्याही आयोगापुढे पुरावा धरत नाहीत.

दोन मराठी संस्थांनी आपण होऊन, कुणी ढकलण्यापूर्वी, एकत्र यावे का? माझ्या मते विचार जरूर करावा. मान कुणाचा, नाव कुणाचे, अध्यक्ष कुणाचा, यांवर आपल्या बैठका अडतात. वर्गात किती मुले उरली हा प्रश्न शेवटी येतो. तो पहिला यायला हवा.

एका विलीनीकरणाची वाट आपण १९५६ पासून पाहतो आहोत. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल आपल्या हातात नाही. या दुसऱ्या विलीनीकरणाच्या अटी मात्र आपल्या हातात आहेत, निदान यावेळी तरी.