तबेल्याच्या माळ्यावरील सत्य

श्वास म्हटला की आपल्याला नाक आणि फुप्फुसे आठवतात. उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या मानवालाही श्वासानेच जीवन लाभले. परंतु प्राणवायूचा खरा उपयोग होतो तो शरीरातील प्रत्येक पेशीत, आणि ते कार्य विकरे, म्हणजेच एन्झाइम, पार पाडतात. त्यांच्या शोधाच्या इतिहासातील एका उपेक्षित माणसाचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

चार्ल्स मॅकमन (१८५२–१९११) हे मूळचे आयर्लंडचे. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे ते वैद्यकी करीत. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात घरामागील तबेल्याच्या माळ्यावर संशोधन करायचे, असा त्यांचा क्रम होता. वर्णपटदर्शकातून प्राण्यांचे स्नायू पाहताना त्यांना प्रकाशाच्या पट्ट्यात विशिष्ट काळ्या रेषा दिसल्या. ज्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन नाही अशा कीटकांतही त्या होत्या. हे एक स्वतंत्र रंगद्रव्य असून पेशींच्या श्वसनाशी त्याचा संबंध आहे, असे त्यांनी १८८६ साली मांडले.

जर्मनीतील थोर रसायनशास्त्रज्ञ होप-झायलर यांना हे पटले नाही. हे द्रव्य हिमोग्लोबिनपासूनच निपजलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. १८९० साली मॅकमन यांचे उत्तर त्यांनी स्वतःच्या नियतकालिकात छापले खरे. पण सोबत अधिक चर्चा अनावश्यक असल्याची टीपही जोडली. एवढ्या अधिकारी पुरुषाच्या शब्दापुढे एका साध्या वैद्याची साक्ष कोण मानणार? विषय विस्मृतीत गेला आणि मॅकमन मान्यतेवाचूनच निवर्तले.

पुढे केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन घोड्यांच्या परोपजीवी माशीचा अभ्यास करीत असता त्यांना त्याच रेषा आढळल्या. त्यांनी खमीर पाण्यात कालवून हवेसह हलवले. रेषा नाहीशा झाल्या. स्थिर ठेवताच त्या पुन्हा उमटल्या. द्रव्य प्राणवायूचा संयोग घडवीत होते, आणि हे सारे जिवंत पेशीत डोळ्यांदेखत चालले होते. १९२५ साली केलिन यांनी त्याला ‘सायटोक्रोम’ हे नाव दिले व आपल्या निबंधात मॅकमन यांचे श्रेय मोकळेपणाने नोंदवले. श्वसन-विकराच्या संशोधनासाठी ऑटो वॉरबुर्ग यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३९ मध्ये केलिन व हार्ट्री यांनी सायटोक्रोम ऑक्सिडेज हे या साखळीचे अखेरचे विकर ओळखून दाखवले. प्राणवायूचे पाणी होते ते तेथेच. आणि सायनाइडचे विष प्राणघातक ठरते तेही याच विकराला जखडल्यामुळे.

होप-झायलर यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ते प्रामाणिक होते, पण चुकले. आम्हांला मोलाचे वाटते ते केलिन यांचे औदार्य. शोध त्यांनी स्वतः लावला होता. तरीही मृत माणसाचे श्रेय त्यांनी दडवले नाही. पिठात दडलेले खमीर वेळ आल्यावर सारे पीठ फुगवते. सत्याचेही असेच आहे. मात्र त्याला ओळखणारी निर्मळ दृष्टी हवी.