प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी रात्री गेम अडकतोच? दोष घरात आहे की लाइनीत, असा शोधा

रात्रीचे नऊ. जेवणं उरकलेली, बाहेरच्या खोलीत टीव्हीवर मालिका सुरू आणि आतल्या खोलीत पोरगा फोन आपटायच्या बेतात. चौघांची टीम शेवटपर्यंत टिकलेली असते, समोरचा गडी दिसतो, बोट दाबलं जातं, पण गोळी सुटायच्या आधी स्वतःचाच खेळ संपलेला असतो. मग घरात वाद होतो. महिन्याला एवढे पैसे भरतो ते कशाला, असं वडील विचारतात. त्यावर बहुतेक घरांत एकच इलाज केला जातो, तो म्हणजे मोठा प्लॅन. ५० चा १०० होतो, १०० चा २०० होतो, पैसे वाढतात आणि गेम मात्र जिथल्या तिथं अडकतो.

असं होण्याचं कारण साधं आहे. प्लॅनवर लिहिलेला आकडा म्हणजे पाइपाची रुंदी. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्ससारख्या गेमला रुंद पाइप लागतच नाही. खेळताना तासाभरात जेवढा डेटा जातो, तेवढा चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओ काही मिनिटांत खातो. गेमला लागतो तो वेळेवर पोहोचणारा निरोप. फोनवरून निघालेला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. पिंग ३०-४० असेल तर खेळ झकास चालतो, ८०-१०० पर्यंत निभावतं, २०० च्या वर गेलं की मजा गेली. त्याहून वाईट म्हणजे एका क्षणी ४०, पुढच्या क्षणी ३०० आणि परत ५० असा उड्या मारणारा पिंग. कायम ९० असलेल्या नेटवर हाताला सवय होते, उड्या मारणाऱ्या नेटवर कधीच होत नाही.

आधी फोन तपासा

अडकणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींना लोक ‘लॅग’च म्हणतात. गेमच्या स्क्रीनवर पिंगचा आकडा दिसतो. चित्र धक्के खातंय पण आकडा हिरवा आणि शांत असेल, तर नेटचा काही दोष नाही, फोन दमलाय. पत्र्याच्या घरात, एप्रिल-मेच्या उकाड्यात, चार्जिंगला लावून खेळलं की फोन तापतो आणि तापलेला फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. ग्राफिक्स कमी करा, चार्जर काढा, जाड कव्हर काढा, बॅटरी सेव्हर बंद करा. एवढ्यानं भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

आकडा लाल होत असेल तर मात्र नेटकडे वळायचं.

मुख्य परीक्षा : राउटरपर्यंतचा रस्ता

गडबड फोन आणि राउटर यांच्यामध्ये आहे की राउटरच्या पलीकडे, हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. हे शोधायला प्ले स्टोअरवर पिंग मोजणारी फुकट ॲप्स मिळतात. घरात कॉम्प्युटर असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग हा शब्द इंग्रजीत टाइप करायचा आणि एक जागा सोडून पत्ता लिहायचा. पहिला पत्ता आपल्या राउटरचा. तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असा. दुसरा पत्ता बाहेरचा, गूगलचा ८.८.८.८. दोन्ही पत्ते नेहमीच्या खेळायच्या जागेवर बसून, खेळायच्याच वेळी, दोन-तीन मिनिटं तपासायचे. सकाळी दहाला तपासलेलं रात्रीच्या तक्रारीला कामाचं नाही.

राउटरचा आकडा १० च्या आत आणि सारखा राहिला पाहिजे. तोच ५०, १००, ३०० अशा उड्या मारत असेल किंवा मध्येच ‘टाइम आउट’ येत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा. कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही. राउटरचा आकडा शांत आणि बाहेरचा उड्या मारतोय, तर भानगड लाइनीत आहे किंवा घरातलंच कुणीतरी लाइन भरून टाकतंय.

वायफायचा दोष असेल तर

गावातल्या घरात राउटर कुठं बसतो? जिथून वायर आत आली तिथं. म्हणजे दाराच्या वर, पत्र्याला लागून, नाहीतर टीव्हीच्या मागं किंवा लोखंडी कपाटावर. पत्रा आणि लोखंड वायफायची लहर परतवतात. जुन्या वाड्याची दगडी किंवा मातीची दीड-दोन फुटी भिंत ती गिळते. राउटर घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवला तर बऱ्याच घरांत तेवढ्यानंच फरक पडतो.

नव्या राउटरवर वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं असतं. या ५जीचा मोबाइलच्या फाइव्हजीशी संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा. २.४ लांब जातो आणि भिंत ओलांडतो, पण त्यावर शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, ओव्हन सगळ्यांची गर्दी असते. ५ चा पट्टा मोकळा आणि चपळ, पण एका जाड भिंतीनंतर गळून पडतो. खेळणारा राउटरच्याच खोलीत असेल तर ५ वर जोडा. २.४ शिवाय पर्याय नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा, कारण हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

कॉम्प्युटरवर खेळत असाल तर वायफायचा नाद सोडा आणि लॅन केबल टाका. बाजारात मिळणारी कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत नीट चालते आणि राउटरचा पिंग १ वर आणून ठेवते. दुकानदार महागडा ‘गेमिंग राउटर’ गळ्यात मारायला बघेल, पण त्याआधी ही केबल लावून पाहा.

घरातलीच गर्दी

साखर कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. त्या रांगेत एखादा मोटारसायकलवाला अडकला तर त्याची गाडी कितीही लहान असो, पुढची ट्रॉली हलल्याशिवाय त्याला वाट नाही. गेमचा निरोप म्हणजे तो मोटारसायकलवाला. ट्रॉल्या म्हणजे गूगल फोटोजवर चढणारे लग्नाचे व्हिडिओ, गोठ्यावर लावलेला वायफाय कॅमेरा, पार्श्वभूमीवर चालू असलेलं गेमचं किंवा फोनचं अपडेट. राउटर आलेला माल फेकून न देता रांगेत उभा करतो, रांग वाढते आणि पिंग ४० वरून ४०० वर जातो. स्पीड टेस्टमध्ये मात्र सगळं छान दिसतं.

अपलोडकडे खास लक्ष द्या. अनेक प्लॅनमध्ये, विशेषतः एअरफायबर आणि मोबाइलच्या नेटवर, वर जाणारा रस्ता खाली येणाऱ्यापेक्षा बराच अरुंद असतो आणि फोटो, कॅमेरा, व्हिडिओ कॉल हे सगळे त्याच रस्त्यानं जातात.

हे तपासायला फास्ट डॉट कॉम ही साइट चांगली. टेस्ट झाल्यावर जादा माहिती उघडली की तिथं लेटन्सीचे दोन आकडे दिसतात, लाइन मोकळी असतानाचा आणि लाइन भरलेली असतानाचा. पहिला २० आणि दुसरा २५० असेल तर चोर सापडला. उपाय म्हणजे फोटोचा बॅकअप रात्री उशिरावर टाकणं, कॅमेऱ्याची क्वालिटी कमी करणं आणि वायफायचा पासवर्ड बदलणं. पासवर्ड बदलल्यावर गल्लीतले दोन-चार फोन आपोआप उतरतात, हा अनुभव बऱ्याच घरांचा आहे. राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल असेल तर एकूण मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. वेग थोडा कमी होतो, पण रांगच लागत नाही. फुकट मिळालेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते, मग घरातल्या माणसांशी बोलूनच मार्ग काढावा लागतो.

लाइनीचा दोष

घरातलं सगळं बंद केलं, राउटरचा आकडा शांत आहे, तरी बाहेरचा पिंग उडतोय. मग वायर कुठून येते ते बघायला बाहेर पडा. अनेक गावांत फायबर थेट घरात येत नाही. ती चौकातल्या खांबावरच्या डब्यापर्यंत येते आणि तिथून साधी लॅन केबल घराघरांत सोडलेली असते. ही केबल १०० मीटरच्या पुढं ओढली, उन्हानं तिचं आवरण फाटलं, जोडात पावसाचं पाणी गेलं की निरोप गळायला लागतात. डब्यातल्या स्विचला बॅकअप नसेल तर खांबाची वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद.

फायबर थेट घरात येत असेल तर आतली तार काचेची आहे हे विसरू नका. खिळ्याभोवती घट्ट वळवलेली, दारात चेपलेली, उंदरानं कुरतडलेली किंवा उंच भरलेल्या ट्रॉलीनं ओढलेली फायबर पूर्ण तुटेलच असं नाही, पण उजेड कमी पोहोचतो. राउटरवर एलओएसचा लाल दिवा लागला तर लाइन तुटलीच. अर्धवट दोषात दिवा लागत नाही, म्हणून लाइनमनला पॉवर मोजायला सांगा. आकडा उणे चिन्हात येतो. उणे १८-२० छान, उणे २७ ही काठावरची मर्यादा, त्यापलीकडे काम बेभरवशाचं.

एक कारण हमखास सुटतं, ते म्हणजे राउटरचा ॲडॉप्टर. तो जुना झाला की १२ व्होल्ट पुरे देत नाही आणि राउटर मध्येच स्वतः बंद-चालू होतो. रात्री मोटारी सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं की जास्तच. तेवढ्याच रेटिंगचा नवा ॲडॉप्टर टाकून पाहा.

आणि दोष फक्त आठ ते अकरा या वेळातच दिसत असेल, पहाटे पाचला सगळं लोण्यासारखं चालत असेल, तर ऑपरेटरनं घेतलेल्या लाइनीवर गिऱ्हाईकं जास्त झाली आहेत. हे घरात बसून दुरुस्त होत नाही.

अंतर कुणाला चुकत नाही

फायबरमधून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबईतला सर्व्हर असेल तर अंतराचा भार थोडाच. सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे तिथला पिंग कुठल्याही प्लॅनवर ४० च्या खाली येणं अवघड. गेममध्ये सर्व्हर निवडता येत असेल तर भारतातला किंवा जवळचा निवडा.

यामुळंच ‘पिंग शून्य करतो’ म्हणणाऱ्या ॲपपासून सावध राहा. व्हीपीएन लावला की निरोप बहुतेक वेळा आणखी वळसा घेतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी एपीके फाइल तर टाकूच नका. गेमसाठीचं ॲप मेसेज वाचायची परवानगी मागत असेल, तर त्याचा डोळा पिंगवर नाही, बँकेच्या ओटीपीवर आहे.

तक्रार कशी करायची

‘नेट स्लो आहे’ म्हटलं की ‘राउटर रीस्टार्ट करा’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी तीन-चार रात्रींचे स्क्रीनशॉट ठेवा : तारीख, वेळ, राउटरचा आकडा, बाहेरचा आकडा. राउटरपर्यंत ३, बाहेर ३५०, घरातली बाकी उपकरणं बंद, असं दाखवलं की ‘तुमच्या फोनचा प्रॉब्लेम’ म्हणायला जागा उरत नाही. तक्रार फोनवर केली तरी डॉकेट नंबर मागून लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे त्या नंबरवर दाद मागता येते. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडं वेळ घालवू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

हा सगळा खटाटोप पोराच्या खेळासाठी करायचा का, असं घरातली मोठी माणसं विचारतील. पण जो पिंग गेम अडकवतो, तोच मुलीच्या ऑनलाइन मुलाखतीत आवाज तोडतो आणि ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलताना चित्र गोठवतो.

कंपनी बदलायचीच ठरली तर आधी ज्या शेजाऱ्याकडे ते नेट आहे, त्याच्या घरी रात्री नऊ वाजता जाऊन पिंग मोजा, आणि वर्षाचे पैसे एकदम न भरता पहिला प्लॅन महिन्याचाच घ्या.