बोअरच्या लाइनचं कूळ

परभणीतल्या नव्या अपार्टमेंटच्या गच्चीवर बऱ्याचदा दोन टाक्या दिसतात. एक महापालिकेच्या नळाची, दुसरी बोअरची. नळाचं पाणी स्वयंपाकघरात, बोअरचं फ्लशला आणि धुण्याभांड्याला. दोन्ही लाइनी एकाच शाफ्टमधून उतरतात. त्या कुठे एकमेकींत मिसळू नयेत एवढं प्लंबरने पाहायचं. हीच इमारत रेव्हिट या इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करायला घ्या. पायपांच्या यादीत घरगुती थंड पाणी आहे, गरम पाणी आहे, सांडपाणी आहे, आगीचं पाणी आहे. बोअरचं नाही.

ही यादी बनली कशी? ट्रेसिंग पेपरच्या काळात लाइन ओळखायची ती रेघेवरून: कुठे तुटक, कुठे रेघ-टिंब. 1982 साली संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं आणि प्रत्येक लाइनीला स्वतःचा लेयर आणि रंग मिळाला. पण लेयरवर असायची ती रेघच. तिच्यातून काय वाहतं, किती वाहतं, याचा संगणकाला पत्ता नसे. निळी रेघ चुकून गटाराला जोडली तरी तो गप्प.

1997 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये लिओनिड रेझ आणि अर्विन जंग्राइस यांनी चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. 2000 साली त्यांचं रेव्हिट बाजारात आलं आणि 2002 साली ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने ते 13.3 कोटी डॉलरना विकत घेतलं. तोवर ते वास्तुविशारदांचं हत्यार होतं; भिंत, दार, खिडकी एवढाच त्याचा संसार. पाइप आणि डक्टवाल्यांसाठी ‘रेव्हिट सिस्टिम्स’ 2006 मध्ये आलं, पुढे त्याचंच ‘रेव्हिट एमईपी’ झालं. इथे पाइप ही रेघ राहिली नाही. नळाच्या तोंडावरच ‘मी थंड पाण्याचा’ असं लिहिलेलं असतं आणि त्याला जोडलेली अख्खी लाइन त्या वर्गात जाते.

हे वर्ग कंपनीने ठरवलेले आहेत. त्यांत वापरणाऱ्याला भर घालता येत नाही. त्या वर्गांखाली स्वतःचे प्रकार मात्र हवे तितके काढता येतात. प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये ‘पायपिंग सिस्टिम्स’ उघडायचं, ‘डोमेस्टिक कोल्ड वॉटर’वर उजवी क्लिक करून डुप्लिकेट करायचं आणि नाव द्यायचं ‘बोअर’. मग संक्षेप, रंग, पाण्याचं तापमान भरायचं. नाव आपलं, कूळ मूळचंच. हे कूळ नीट निवडावं लागतं. ‘बोअर’ची लाइन ‘अदर’ म्हणजे ‘इतर’ या वर्गातून काढली तर फ्लशची टाकी तिला घेणार नाही, कारण टाकीच्या तोंडावर थंड पाणी लिहिलंय.

यादीवर थंड देशाची छाप आहे. ‘हायड्रॉनिक सप्लाय’ आणि ‘रिटर्न’ हे वर्ग बॉयलरचं गरम पाणी खोल्याखोल्यांतून फिरवणाऱ्या घरांच्या ओळखीचे. आपल्याकडे त्यांचंच डुप्लिकेट करून एसीचं ‘चिल्ड वॉटर’ बनवतात: जाताना साधारण 7 अंश, परतताना 12. उलट पावसाच्या पाण्याला, जे आपल्या गच्चीवरून चार महिने धो धो उतरतं, यादीत स्वतंत्र वर्गच नाही. ते बहुतेक जण ‘सॅनिटरी’तून काढतात, म्हणजे गच्चीचं स्वच्छ पाणी कागदोपत्री सांडपाण्याच्या घरात जातं. कूलरच्या डक्टलाही स्वतःचा वर्ग नाही. परभणीच्या उन्हाळ्यात मोठ्या हॉलला डक्ट कूलर लावतात, तेव्हा हवा ‘सप्लाय एअर’मधून काढायची. ‘रिटर्न’ची लाइन ठेवायचीच नाही, कारण कूलरची ओली हवा खिडकीतून बाहेर गेली तरच गारवा टिकतो.

दवाखान्याच्या ऑक्सिजनलाही स्वतःचा वर्ग नाही; तो ‘अदर’मध्ये जातो. एप्रिल 2021 मध्ये परभणीच्या जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनच्या वाहिनीवर झाडाची फांदी कोसळली. वेळीच धावपळ झाली म्हणून रुग्ण बचावले. अशी वाहिनी नकाशात नळाच्या आणि आगीच्या लाइनींच्या गर्दीत हरवून चालत नाही. तिचा प्रकार वेगळा, रंग वेगळा, व्हॉल्व्ह नजरेत हवेत. प्रत्यक्ष पायपांवर हेच काम आयएस 2379 हे भारतीय मानक करतं: पाण्याला समुद्री हिरवा, हवेला आकाशी, वायूंना कॅनरी पिवळा असे मूळ रंग त्यात ठरवून दिलेत. पडद्यावरचा रंगही शक्य तिथे त्याच्याशी जुळवला तर साइटवरचा फिटर नकाशा पाहून गोंधळत नाही.

म्हणून जाणते ड्राफ्ट्समन हे प्रकार दर प्रकल्पात नव्याने काढत बसत नाहीत. बोअर, नळ, फ्लशिंग, पाऊस, सोलर हे सगळं एकदाच टेम्प्लेटमध्ये भरून ठेवतात. अमेरिकेत बनलेल्या यादीला परभणीची भर पडते ती याच फाइलीत.